सौसरचे गावंडे मास्तर आणि छिंदवाड्यात थांबलेली कुस्ती

बाबा पंच्याऐंशीचे झाले तरी संत्री स्वतः निवडूनच घेतात. डिसेंबरात मी पुण्याहून नागपूरला माहेरी गेले होते, तेव्हा त्यांच्याबरोबर बाजारात गेले. संत्रीवाला पांढुर्ण्याचा निघाला. बाबांनी सहज विचारलं, "तुमच्याकडे उकंडराव कळंबे म्हणून एक होते. कुस्तीवाले. तुमाले काय माहीत असतील म्हणा."

"होते काय म्हणता काका? हायेत ना! रोज सकाळी बगीच्यात पोरायले कुस्ती शिकवून राहिले असतात."

बाबांच्या हातातलं संत्रं हातातच राहिलं. घरी येऊन चपला काढायच्या आत ते मला म्हणाले, "मले सौसरले घेऊन चाल. आन् तिथून पांढुर्ण्याले."

बाबा सौसरचे. मॅट्रिकनंतर शिकायला नागपूरला आले, इथेच शाळेत पी.टी.चे शिक्षक झाले आणि निवृत्तही झाले. आजी-आजोबा लवकर गेले, काकांनी शेत विकलं, आईचं माहेर अकोल्याचं. त्यामुळे दोन तासांवरच्या आपल्या गावी जायचं त्यांना कधी निमित्तच मिळालं नाही. उकंडराव हे नाव मात्र मी लहानपणापासून ऐकत आले होते. "आज मी जो काही आहे तो उकंड्यामुळे," असं बाबा म्हणायचे आणि विषय बदलायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तर्री-पोहे खाऊन निघालो. रस्ता सोपा आहे: सावनेर, मग छिंदवाड्याकडे वळायचं. सीमा कुठे ओलांडली ते पाट्या हिंदी झाल्या की कळतं. माणसं तीच, शेतं तीच, कापूस तोच. लोधीखेड्याला चहासाठी थांबलो. टपरीवाल्याने आमच्याशी मराठीत, ट्रकवाल्याशी हिंदीत आणि बायकोशी दोन्हीत बोलत चहा दिला. सोबत गरम आलूबोंडे. बाबांनी दोन खाल्ले आणि मला डॉक्टरांना न सांगायची ताकीद दिली.

तिथून पुढे जामसांवलीचा हनुमान. हा मारुती उभा नाही, निजलेला आहे. मंगळवार-शनिवार टाळलात तर दर्शन निवांत होतं. आम्ही गुरुवारी होतो, त्यामुळे आवारात बसायलाही सावली मिळाली. तिथेच बाबा गावंडे मास्तरांबद्दल सांगू लागले. मी कधी एवढं विचारलं नव्हतं आणि त्यांनीही कधी एवढं सांगितलं नव्हतं.

गावंडे मास्तर सौसरच्या हायस्कुलात ड्रिल मास्तर होते. अंगाने काडी, चष्मा, खाकी अर्धी चड्डी, गळ्यात शिटी. स्वातंत्र्याच्या चळवळीत ते तुरुंगात गेले आणि तिथे कोठडीतल्या एका पहिलवानाकडून कुस्ती शिकले. देश स्वतंत्र झाला, मास्तरांना नोकरी लागली आणि त्यांनी शाळेमागची बाभळीची जागा साफ करून आखाडा खणला.

"गावात आखाडे नव्हते का?" मी विचारलं.

"होते ना. मगर शाळेतल्या पोराले तिथं कोणी पाठवत नव्हतं. पोरगा पहिलवान झाला का वाया गेला, असंच समजत होते लोक. आन् आखाड्यातले आमाले म्हणत, पुस्तकवाले आले, पडले का रडतीन."

मास्तर घरोघर गेले. आयांशी बोलले. त्यांनी दोन नियम केले. गणितात नापास झालेल्याने मातीत उतरायचं नाही. आणि बाजारात कोणाच्या अंगावर हात टाकला तर आठवडाभर फक्त आखाडा खोदायचा. जोड लावायची पद्धतही त्यांनी बदलली. गावच्या दंगलीत, म्हणजे कुस्त्यांच्या फडात, नजरेच्या अंदाजाने जोड लागायची. मास्तर पोरांना रांगेने जिनिंगमध्ये नेत आणि कापसाच्या काट्यावर वजन करत. सारख्या वजनाच्या पोरांचीच कुस्ती. कापूस विकायला आलेले शेतकरी हसायचे. मग तेच शेतकरी मुलगा घेऊन यायला लागले.

रविवारी मास्तर सायकलवर पांढुर्ण्याला जायचे आणि तिथल्या शाळेतल्या मुलांना शिकवायचे. त्या मुलांत उकंडा कळंबे होता. वजन बाबांएवढंच. त्यामुळे दोन शाळांचा सामना झाला की वामन (म्हणजे बाबा) विरुद्ध उकंडा हे ठरलेलं.

सौसरला पोचलो तेव्हा जेवायची वेळ झाली होती. बसस्टँडजवळच्या खानावळीत भाकरी, वांग्याचं भरीत आणि तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या हिरव्या दाण्यांची, उसळ मिळाली. दोघं पोटभर जेवलो, तरी पुण्यातल्या एका पिझ्झ्याएवढेही पैसे झाले नाहीत. राहायला साधा लॉज आहे, चादरी स्वच्छ, गरम पाणी बादलीने मागवायचं. संध्याकाळी शाळेत गेलो. (जायचं असेल तर आधी फोन करून परवानगी घ्या.) बाभळीची जागा आता ओळखू येत नाही. तिथे पत्र्याची शेड आहे, आत गादी आणि गादीवर कुस्ती खेळणाऱ्या मुली. हो, मुली! त्यांच्या शिक्षिका, सरोदे मॅडम, पंचविशीच्या असतील.

"गावंडे मास्तरांचे विद्यार्थी?" त्यांनी बाबांच्या पायांना हात लावला. "काका, ह्या पोरींना सांगा ना. मी नाव सांगते, पण मी त्यांना पाह्यलंच नाही."

बाबा गादीच्या कडेला खुर्चीत बसले. मुली घाम पुसत समोर बसल्या. मग त्यांनी ती कुस्ती सांगितली. मीही पहिल्यांदाच पूर्ण ऐकली.

बाबा मॅट्रिकला होते तेव्हा राज्यांची फेररचना झाली. तोवर मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती. मास्तरांची मुलं दर हिवाळ्यात नागपूरला शालेय सामन्यांना जायची आणि जिंकून यायची. त्या नोव्हेंबरात नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि सौसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिलं. राजधानी झाली भोपाळ. नागपूरहून निरोप आला की आता तुम्ही दुसऱ्या राज्याचे. छिंदवाड्याच्या शालेय खेळांत कुस्ती नव्हतीच. मुलं रडली. बाबा दोन दिवस शाळेतच गेले नाहीत.

"मास्तर घरी आले," बाबा मुलींना सांगत होते. "म्हणे, उठ. छिंदवाड्याले जाऊन राहिलो आपण. सायबाले कुस्ती दाखवून येऊ."

पांढुर्ण्याचा उकंडा आणि सौसरचे बाबा अशी जोडी घेऊन मास्तर छोट्या रेल्वेगाडीने, नॅरोगेजने, निघाले. छिंदवाड्याचे शिक्षण खात्याचे साहेब उत्तरेकडचे. कुस्ती म्हणजे पैज आणि मारामारी, ती शाळेत नको, असं त्यांचं मत. मास्तरांचं हिंदी कच्चं. ते एवढंच म्हणाले, "साहब, एक बार देख लो. फिर ना बोलो."

मैदानात माती उकरून कुस्ती लागली. दोघांनाही ठाऊक होतं की साहेबांनी होकार दिला तर जो जिंकेल तो पुढे जबलपूरला जाणार. उकंडाने बाबांना खाली घेतलं. एक खांदा टेकला, दुसरा टेकणार, तेवढ्यात बाबांचा हात अंगाखाली मुडपला आणि ते "आई गं" म्हणून ओरडले. उकंडाने पकड सोडली. उठला, मागे सरकला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मास्तरांनी शिटी मारली.

"सायेब खुर्चीवरून उठले," बाबा म्हणाले. "म्हणाले, जीतता हुआ लड़का छोड़ रहा है? इसको कौन सिखाया? मास्तर काही बोललेच नाही. पुढच्या महिन्यात छिंदवाड्याच्या सामन्यात कुस्ती आली. मग होशंगाबादले आली, जबलपूरले आली."

"आणि जिंकलं कोण?" एका मुलीने विचारलं.

"पकड त्यानं सोडली, म्हणून जिंकलो मी. जबलपूरले मी गेलो. त्याच्यावरून मले पुढं पी.टी. कॉलेजात जागा भेटली. उकंड्या गावातच राह्यला."

 

दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याकडे निघालो. सकाळचं ऊन, दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे, तोडणी चालू. रस्ता मधूनमधून खराब आहे, घाई करू नका. तिगावला रेल्वेगाडी जाताना दिसली तेव्हा बाबांनी गाडी थांबवायला लावली. इथेच मास्तरांची सायकल एकदा पंक्चर झाली आणि ते ढकलत पांढुर्ण्यापर्यंत गेले होते, म्हणे.  त्यांनी उकंडरावांसाठी शाल घेतली होती. ती मांडीवर घेऊन बसले होते आणि तिची घडी पुन्हा पुन्हा नीट करत होते.

"काय बोलणार आहात त्यांना?" मी विचारलं.

"माहीत नाई. त्याची जागा मी घेतली, हे तर सांगा लागीन ना?"

पांढुर्णा म्हटलं की बाहेरची माणसं गोटमारीबद्दलच, म्हणजे पोळ्यानंतरच्या दगडफेकीच्या जत्रेबद्दलच, विचारतात. आम्ही विचारला तो कळंब्यांचा बगीचा, आणि तो सगळ्यांना माहीत होता. गावात जागोजागी नव्या जिल्ह्याच्या पाट्या आहेत. "तेव्हा राजधानी बदलली, आता जिल्हा बदलला," बाबा पुटपुटले, "मास्तर असते तर पुन्हा सायबाकडे गेले असते."

संत्र्याच्या झाडांमागे लाल मातीचा चौकोन होता. कडेला धोतर-बंडीतला एक उंच म्हातारा काठी टेकून उभा होता. त्याने डोळे बारीक केले.

"वामन्या?"

"उकंड्या!"

दोघं एकमेकांना धरून उभे राहिले. कोण कोणाला सावरत होतं ते सांगता येणार नाही. उकंडरावांच्या सुनेने, निर्मलाताईंनी, बाज टाकली, संत्री आणली, पाणी आणलं. बाबांनी उकंडरावांना शाल पांघरली आणि पाण्याला हातही न लावता सुरुवात केली.

"उकंड्या, छिंदवाड्याले तू मले सोडलं. कुस्ती तुहीच होती. जबलपूर तुह्यं होतं. नोकरी तुही होती. आतापरेंत सांगाले आलो नाई मी..."

उकंडराव म्हणाले, "काहून सोडलं मनते तू?"

"मी ओरडलो म्हणून. मले लागलं म्हणून."

"तू ओरडला होता काय?"



"अबे," उकंडराव म्हणाले, "माह्या लंगोटाची गाठ सुटली होती! समोर सायेब, त्याची बायको, सगळं हापिस. मी दोन्ही हातानं कंबर धरली नसती त काय झालं असतं, तूच सांग."

निर्मलाताई पदर तोंडाला लावून घरात पळाल्या. बाबांचं तोंड उघडंच. मग पोटातून कुठून तरी हसू आलं आणि ते थांबेना. उकंडराव हसता हसता खोकू लागले, मी दोघांच्या पाठी चोळत होते.

"मास्तरले मालूम होतं?" बाबांनी डोळे पुसत विचारलं.

"नाई त काय! येताना गाडीत कानात म्हणे, उकंडा, आता जन्मभर तसंच वागा लागीन जसं सायेबाले वाटलं. आन् गाठ नीट बांधत जा."

"आन् जबलपूर? तुले वाईट नाई वाटलं?"

"वाटलं. आठ दिवस जेवण गेलं नाई. मंग बापानं बगीचा लावाले घेतला, मी त्यात लागलो. मास्तर रिटायर झाले, त मले म्हणे, पांढुर्ण्याचे पोरं आता तुहे. तेव्हापासून हे चालू हाय. तू तिकडं शाळेत शिकवत होता, मी इकडं. दोघंही मास्तरचंच काम करून राहिलो होतो ना? मंग जागा कोणाची कोणी घेतली?"

बाबा उकंडरावांचा हात धरून बसले. थोड्या वेळाने सकाळच्या सरावाला मुलं आली, त्यांत दोन मुलीही होत्या. बाबा उठले, चपला काढून मातीत उतरले आणि एका मुलीचा पाय कुठे चुकतोय ते वाकून दाखवायला लागले. उकंडराव बाजेवरून ओरडले, "सौसरचा डाव नको शिकवू त्याहिले!"

परतीला पांढुर्ण्याहून थेट नागपूरचा मोठा रस्ता घेतला. डिकीत संत्र्याची पेटी, तिचे पैसे घेतले नाहीत आणि त्यावर वाद घालायची सोय नव्हती. सावनेरपर्यंत बाबा झोपले. इतके शांत झोपलेले मी त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

आता घरी येऊन पंधरा दिवस झाले. या सहलीत मोठी स्थळं नाहीत. रस्ता, भरीत, संत्री, एक निजलेला मारुती आणि दोन आखाडे, एवढंच. पण "उकंड्यामुळे" म्हटल्यावर बाबांचा चेहरा पडायचा, तो आता पडत नाही. दोघांचा फोन रोज होतो. हा लेख लिहायला त्यांनीच बसवलं आणि एक अट घातली: निकाल स्पष्ट लिहायचा. म्हणून लिहिते. छिंदवाड्याची ती कुस्ती पांढुर्ण्याच्या उकंडराव कळंब्यांनी जिंकली होती.

हे वाक्य काल फोनवर उकंडरावांना वाचून दाखवलं.

"लंगोटाचं लिवलं काय?"

"लिहिलं काका."

"मंग हेही लिव्ह बाई. लंगोट सौसरच्या शाळेचा होता."