अर्धी प्रदक्षिणा घालणारा शंख

आमच्या सोलापूरला समुद्र नाही. यात सोलापूरचा दोष नाही आणि समुद्राचाही नाही. पण लग्नाला इतकी वर्षं होऊनही मी समुद्र पाहिला नव्हता, यात मात्र सगळा दोष ह्यांचा होता, असं माझं ठाम मत होतं. आणि ते मी रोज जेवायला वाढताना सांगत असे.

हे गिरणीत टाइमकीपर. शेवटी एका दिवाळीच्या सुट्टीत ह्यांनी जाहीर केलं, "चला! कोकण!" गिरणीतल्या एका मित्राच्या काकांचं घर मालवणच्या बाजूला होतं, तिथं उतरायची सोय झाली. मी, हे आणि आमची सात वर्षांची मंगल. बरोबर कडक भाकऱ्यांची चवड, शेंगाचटणीचा डबा आणि अंथरायला एक सोलापुरी चादर. (सोलापूरचा माणूस स्वर्गात गेला तरी चादर आणि चटणी घेऊन जाईल.)

निघताना घरमालकीणबाईंच्या पाया पडायला गेले. त्यांना सगळी पेठ अव्वा म्हणायची. कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे, बोलणं निम्मं मराठी आणि निम्मं कानडी, आणि रागावल्या की संपूर्ण कानडी. त्यांनी आम्हाला दोन खोल्या दिल्या तेव्हा एकच अट घातली होती. "मांस-मच्छी माझ्या घरात यायची न्हाई. आली की त्याच दिशी तुमचं सामान भाईर!" ह्यांना मटण म्हणजे जीव की प्राण, पण आम्ही ती अट डोळे मिटून कबूल केली. कारण अव्वांच्या अंगणात आड होता, आणि त्या आडाला भर दुष्काळातही पाणी होतं! सगळं गाव टँकरच्या मागं घागरी घेऊन धावत होतं तेव्हा मी अंगणात उभी राहून पोहरा ओढत होते. त्या आडासाठी मी मटणच काय, नवराही सोडला असता.

"समुद्रावर चाललीस, तिकडं समदे मासे खात्यात," अव्वा म्हणाल्या. "येताना भांड्याला वास लावून आणू नको."

"छे हो अव्वा! नखालासुद्धा लागू देणार नाही!"

हे वाक्य लक्षात ठेवा.

समुद्र पाहिला आणि मला पहिल्यांदा काय वाटलं, तर राग आला. एवढं पाणी! मी ओंजळीत घेऊन चाखलं आणि थुंकून टाकलं. एवढं पाणी आणि एक घागर उपयोगाची नाही! हे मात्र पँट गुडघ्यापर्यंत दुमडून लाटांना शिस्त लावत उभे होते. "बघ, आता येईल. आली! आता पुढची बरोब्बर..." पुढची बरोब्बर कमरेपर्यंत आली आणि ह्यांची एक चप्पल घेऊन गेली. मंगल वाळूतल्या छोट्या खेकड्यांच्या मागं धावत सुटली होती. ते तिरके पळायचे, म्हणून तीही तिरकी पळत होती.

दुसऱ्या दिवशी होडीनं समोरच्या बेटावर गेलो. होडीवाले भिकाजीतात्या. होडी इतकी हलत होती की मी एका हातानं मंगलला आणि दुसऱ्या हातानं ह्यांच्या शर्टाला धरून बसले. तेवढ्यात पाण्यातून एक काळी गुळगुळीत पाठ वर आली.

"शार्क!" हे ओरडले आणि होडीच्या मधोमध, म्हणजे माझ्या मांडीवर, येऊन बसले.

"बाबा, तो डॉल्फिन आहे. पुस्तकात चित्र आहे," मंगल म्हणाली.

"लांबून सारखेच दिसतात," हे माझ्या मांडीवरून म्हणाले.

बेटावर पाऊल टाकलं आणि मी सगळं विसरले. पांढरी वाळू, खडकांवर पंख वाळवत बसलेले पक्षी, निळंशार पाणी, आणि आम्ही सोडून माणसाचा मागमूस नाही. मला इतका आनंद झाला की मी नवऱ्यादेखत वाळूत फतकल मारून बसले. आणि मग दिसले शंख! फुकट! आमच्याकडची रीत अशी की गावाला गेलं की येताना सगळ्या बिऱ्हाडांना काहीतरी आणायचं. तुळजापूरहून कुंकू आणतात, मी समुद्राहून शंख आणणार होते. पदरात भरले, मग चादर पसरली आणि तिच्यात भरले. अव्वासाठी मात्र खास हवा होता. तो मला खडकाखालच्या ओल्या कपारीत सापडला. मुठीएवढा, तपकिरी ठिपक्यांचा आणि चांगला जड. भांडं घेताना आपण वजन बघतोच की. जड म्हणजे चांगला!

भिकाजीतात्यांनी चादरीत डोकावून पाहिलं. "काय गो बाय, घरी नेवच्या आधी उकळत्या पाण्यात टाक हां."

"हो, हो," मी म्हटलं. मनात म्हटलं, शंख काय दूध आहे उकळायला?

त्या दमट हवेत चादर काही वाळेना. तिचंच ओलं गाठोडं बांधलं आणि निघालो. निघण्यापूर्वी मी सगळी भांडी राखेनं घासली, मग चिंचेनं घासली. त्या काकांच्या घरी ह्यांनी सुरमई खाल्ली होती, म्हणून ह्यांनाही जवळजवळ घासलंच. एसटीत गाठोड्यातून अधूनमधून खरखर ऐकू येत होती.

"शंख एकमेकांवर घासताहेत," ह्यांनी समजावून सांगितलं. (ह्यांना सगळं माहीत असतं.)

घरी आल्या आल्या शंख वाटले. अव्वांना त्यांचा शंख इतका आवडला की त्यांनी त्याला भस्म लावलं आणि देवघरात थेट महादेवाच्या पिंडीशेजारी ठेवला. मी कृतार्थ झाले.

सकाळी चहाचं आधण ठेवते आहे तोच अंगणापलीकडून हाक आली. "यव्वा! सुमन! पळत ये गं! शंख चालतोय!"

गेले. शंख खरोखर चालत होता! पिंडीच्या कडेकडेनं, हळूहळू, डुलत डुलत. माझे हात आपोआप जोडले गेले. शंकराला पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहेच. पिंडीची पन्हळ ओलांडायची नसते, तिथून मागं फिरायचं असतं. शंख पन्हळीपाशी आला, थांबला, आणि मागं फिरला!

"बघितलंस?" अव्वांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "अर्धी प्रदक्षिणा! माणसाला कळत न्हाई ते त्याला कळतंय!"

(पन्हळीच्या पलीकडं समई जळत होती, तिची धग लागत असणार. पण हे सुचायला डोकं थंड लागतं.)

तासाभरात सगळी पेठ अंगणात. नारळ फुटायला लागले. कुणीतरी केळ्याचा तुकडा ठेवला, तर शंखानं तोही खाल्ला! मग तर काय, बायका माझ्याच पाया पडायला लागल्या. "तुझ्या हातानं आला गं देव!" मीही नको नको म्हणत थोड्या पडू दिल्या.

गिरणीतून आल्यावर हे टॉर्च घेऊन दर्शनाला गेले. वाकले, टॉर्च मारला, आणि तसेच वाकलेले राहिले. मग मला कोपऱ्यात ओढून म्हणाले, "अगं, त्याला डोळे आहेत."

"देवाला डोळे असणारच."

"काड्यांवर आहेत! आणि नांग्या आहेत! सुमन, तो खेकडा आहे! रिकाम्या शंखात बिऱ्हाड करून राहतो तो!"

भांडी चिंचेनं घासणारी मी! नखाला वास लागू देणार नव्हते ती मी! मच्छी घरात नाही, थेट देवघरात आणून ठेवली होती, आणि वर तिला भस्म लावून घेतलं होतं!

"आड गेला," मी म्हटलं.

"अदलाबदल करू," हे म्हणाले. "तसाच रिकामा शंख ठेव."

दुसऱ्या दिवशी अव्वा आंघोळीला गेल्या तशी मी पदराखाली रिकामा शंख घेऊन देवघरात शिरले. पिंडीशेजारचा उचलला मात्र, त्यानं माझं बोट असं पकडलं की माझी किंकाळी चौकापर्यंत गेली. अव्वा ओल्या लुगड्यानं धावत आल्या.

"पारोशी हात लावलीस व्हय गं?"

मी पारोशीच होते. रडत मान हलवली.

"म्हणून चावला! लई कडक हाय देव!"

आता तो नुसता देव नाही, जागृत देव झाला. सोमवारी भजन ठरलं. अव्वांच्या मठातल्या स्वामींना निरोप गेला. आणि इकडं देव मात्र मलूल पडत चालला. चालेना, केळं खाईना, शंखाच्या आत अंग चोरून बसला. मला त्याची फार दया आली. समुद्रातला जीव, त्याला मी सोलापूरच्या कोरड्या हवेत आणून बसवलं होतं. पोहरा पोहरा पाण्याची किंमत मला ठाऊक होती, त्याची तर घागरच फुटली होती. मी गुपचूप तांब्याभर पाण्यात मीठ विरघळवलं आणि पूजेचं पाणी म्हणून त्याच्यावर शिंपडलं. तो हलला! मी उरलेलं पाणी तिथंच ताम्हनात ठेवलं आणि हातपाय धुवायला गेले.

परत येते तो काय, अव्वांनी ते सगळ्यांना तीर्थ म्हणून वाटलं होतं.

"खारट!" एक जण ओरडली.

"खारटच हाय की!" दुसरी म्हणाली.

अव्वांनी एक थेंब जिभेवर घेतला आणि त्यांचा आवाज कापायला लागला. "आडाच्या गोड पाण्याचा समुद्र झाला गं! त्याच्यासंगं दर्याच आलाय माझ्या घरी!"

बायका बाटल्या आणायला पळाल्या. आता मात्र माझा धीर सुटला. सोमवारपर्यंत हा जीव जगला नसता, आणि मेलेला खेकडा देवघरात सापडला असता. बायका पांगल्यावर मी अव्वांच्या पायांशी बसले आणि भडाभडा सगळं सांगून टाकलं. शंख, नांग्या, मीठ, सगळं. हे आमच्या दारात उभे होते. खुंटीवरच्या चादरीची त्यांनी आधीच घडी घालायला घेतली होती.

अव्वा उठल्या, शंख तळहातावर घेतला आणि आत निरखून पाहिलं. आतून दोन डोळ्यांनी त्यांना निरखलं. मग त्या कानडीत बोलल्या. बराच वेळ. मला एक शब्द कळला नाही, आणि ते बरंच झालं.

शेवटी मराठीवर आल्या. "जित्ता हाय न्हवं?"

"हो अव्वा."

"जित्ता हाय तवर पाव्हणा. मेला की मांस." त्यांनी शंख माझ्या हातात दिला. "आन् मांस घरात आलं की काय ठरलंय, ठावं हाय न्हवं? तो मरायच्या आत त्याच्या घरी पोचव. न्हाईतर तुझं घर मोकळं!"

त्याच दिवशी आम्ही पुन्हा एसटीत. लोक काशीहून गंगा आणतात, आम्ही मिठाच्या पाण्याचा तांब्या मांडीवर घेऊन खेकडा पोचवायला निघालो होतो. गाडीनं खड्डा खाल्ला की हे तांब्यात डोकावायचे. "आहे! हलतोय!" शेजारच्या आजोबांनी विचारलं, "अस्थी का?" ह्यांनी गंभीरपणे मान डोलावली. तेवढ्यात अस्थींनी तांब्याबाहेर नांगी काढली आणि आजोबा उठून थेट ड्रायव्हरजवळ जाऊन बसले.

किनाऱ्यावर भिकाजीतात्या जाळं विणत बसले होते. आम्हाला बघून त्यांचा चेहरा खुलला, तांब्यात बघून पडला.

"सोलापुरासून कुर्ली घेवन इलास?" ते म्हणाले. "हयसरल्यो संपल्यो काय गो?"

इथले खेकडे संपलेले नव्हते, हे मी मान्य केलं. त्यांनी होडी काढली. त्याच बेटावर, त्याच कपारीशी मी त्याला ठेवलं. बराच वेळ तो हलला नाही आणि माझा जीव टांगणीला. मग लाट आली, अंगावरून गेली, आणि त्यानं डोळे बाहेर काढले. शेजारी एक जरा मोठा रिकामा शंख पडला होता. त्यानं तो नांगीनं चाचपला, आत बघितलं, बाहेरून बघितलं (ह्यांनी दोन खोल्या बघायला एवढा वेळ घेतला असता तर!), आणि क्षणात जुन्या शंखातून निघून नव्यात शिरला. भस्माचे पुसट पट्टे उरलेलं जुनं बिऱ्हाड तिथंच टाकून डुलत डुलत निघून गेला. मंगलनं त्याला नमस्कार केला. मीही केला, आणि खरं सांगते, माझे डोळे भरून आले.

रिकामा शंख मी उचलला. या वेळी उकळला. दोनदा उकळला. सोलापूरला आल्यावर आंघोळ करून अव्वांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, "अव्वा, तो सुखरूप पोचला. जाताना तुमच्यासाठी घर ठेवून गेलाय."

अव्वांनी तो पुन्हा पिंडीशेजारी ठेवला. आमचं सामान जागच्या जागी राहिलं, आड राहिला. मी सुटले असं मला वाटलं. पण पुढं रोज पाणी ओढताना मला दिसायचं. अव्वा पूजा करायच्या, समई जरा लांब सरकवायच्या, केळ्याचा बारीक तुकडा ठेवायच्या आणि हनुवटीला हात लावून शंखाकडं बघत बसायच्या.

एके दिवशी त्यांनी मला हाक मारली. मी पोहरा टाकून धावले.

"हा चालत न्हाई की गं," अव्वा हिरमुसून म्हणाल्या.

"रिकामा आहे ना तो, अव्वा."

"तेच म्हणते. घर नुसतं रिकामं बरं दिसत न्हाई." मग त्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पुढल्या बारीला जाशील तवा भरलेला आण. उकळू नको."

मी एकदा आडाकडं पाहिलं आणि म्हणाले, "आणते की!"