छ्या वकील

कुणाचंही नाव निघालं की आधी 'छ्या!' म्हणायचं, मग तो माणूस कोण ते विचारायचं, ही आबासाहेबांची रीत. मुरुडच्या कोर्टात सगळे त्यांना पाठीमागे 'छ्या वकील' म्हणत. नवाबाचं संस्थान विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी नवी सनद घेऊन त्यांच्या हाताखाली लागलो. माझा पहिला अर्ज वाचून ते म्हणाले, "अक्षर झकास आहे. मजकूर नसता तर कागद सुंदर दिसला असता."

वकिलांच्या खोलीचा त्यांना विशेष तिटकारा. दुपारच्या चहाला तिथे बंधुप्रेमाला ऊत येई. भाऊसाहेब नावाचे एक गोडबोले वकील रोज म्हणत, "आपण सारे भाऊ." आबासाहेब बशीतला चहा फुंकत म्हणत, "भाऊच. म्हणून तर एकमेकांच्या वाटणीवर डोळा."

त्या खोलीत त्यांच्या शेजारी बसायला धजत ते फक्त मुकादम वकील. संस्थानच्या काळातला माणूस. उर्दू सुरेख, नव्या कायद्यात मात्र चाचपडणारा. आबासाहेब त्यांना तोंडावर सांगत, "मुकादम, तू बोलायला लागलास की कायदा उठून बाहेर जातो." मुकादम हसत. "बाहेर जाऊन तो तुम्हालाच शोधत असेल, आबा. सापडत नाही, एवढंच."

एका पावसाळ्यात मुकादमांच्या घशाला गाठ आली. मुंबईत शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, आवाज गेला. उरली नुसती कुजबूज, तीही कान ओठांशी नेल्यावर कळणारी. खोलीत सगळे हळहळले. भाऊसाहेबांचे तर डोळे भरून आले, आणि डोळे पुसता पुसताच ते व्हरांड्यात जाऊन मुकादमांच्या एका अशिलाला सांगू लागले, "आता तुझं काम मी बघतो."

ते अशील म्हणजे लक्ष्मी नावाची विधवा कोळीण. नवऱ्याच्या होडीत तिचा हिस्साच नाही, असं दीर म्हणत होता. ती गोंधळून म्हणाली, "माजा वकील जिता हाय. पन त्याच्यासाठी बोलनार कोन?"

"मी बोलेन," मागून आबासाहेब म्हणाले.

"मग वकीलपत्र तुमच्या नावे करू या," भाऊसाहेबांनी पडतं घेतलं.

"छ्या! वकील मुकादमच. अक्कल त्याची, घसा माझा. तुम्ही जा, तुमचा चहा निवतोय."

न्यायाधीशांनी भुवया उंचावून परवानगी दिली. मुकादम कुजबुजत आणि आबासाहेब ते मोठ्याने बोलत. स्वतःचा एक शब्द त्यात घालत नसत. चुकीचा मुद्दा असला तरी तसाच्या तसा खणखणीत मांडत. बाहेर आल्यावर मात्र मुकादमांची सालटी काढत.

दिराच्या उलटतपासणीत मुकादमांनी कानात काहीतरी सांगितलं. आबासाहेबांचा चेहरा कडू झाला. "हे विचारू?" ते दबक्या आवाजात म्हणाले. मुकादमांनी होकारार्थी मान हलवली.

"नारळी पुनवेला होडीची पूजा कोण करतं?" आबासाहेबांनी विचारलं. भाऊसाहेब मागच्या बाकावर खुदकन हसले.

"वयनी करते," दीर म्हणाला.

पुन्हा कुजबूज. "तीच का?"

"दादा गेल्यापासून मालकीन तीच हाय नं," तो बोलून गेला, आणि मग जीभ चावली.

लक्ष्मीला हिस्सा मिळाला. बाहेर आल्यावर मी आबासाहेबांकडे पाहिलं. "छ्या! आंधळ्याचा बाण," ते म्हणाले. पण त्या दिवशी मुकादमांची पिशवी त्यांनी स्वतः उचलून घरापर्यंत नेली.

पुढे कितीतरी वर्षं दोघे असेच कोर्टात उभे राहिले. मग ती गाठ परत आली, आणि या वेळी मुकादमांना घेऊन गेली. दुखवट्याच्या सभेत भाऊसाहेब 'जिवलग मित्रा'वर लांबलचक बोलले. आबासाहेबांना आग्रह झाला. ते उठले, म्हणाले, "वकील सामान्य होता," आणि पुढे काही न सुचून तसेच उभे राहिले. शेवटी मीच त्यांना हाताला धरून खाली बसवलं.

मुकादमांची राहिलेली कामं त्यांनी एकेक करून निकाली काढली आणि कोर्टात येणं थांबवलं. मी घरी जाऊन म्हटलं, "तुमची स्वतःची कामं आहेत की, आबासाहेब."

"छ्या!" ते म्हणाले. "त्याच्या चुका मी ठणकावून बोलत होतो. माझ्या मला तोंडावर ऐकवणारा तोच एक होता. आता कोण ऐकवणार? तुम्ही लोक?"