इनामदार मॅडमच्या वर्गातल्या आया

आमच्या शाळेत दहावीला पोरं पास होत नाहीत. त्यांच्या आया पास होतात.

ही पद्धत इनामदार मॅडमची. मॅडम जानेवारीत गेल्या. आज त्यांच्या वर्गाचा निकाल लागला, म्हणून लिहायला बसलेय.

दहावीचा निकाल ऑनलाइन बघायचा तर सीट नंबरसोबत आईचं नाव टाकावं लागतं. लोक ते टाइप करतात आणि विसरून जातात.
मॅडम विसरायच्या नाहीत. शाळेच्या कॉम्प्युटरवर एकेक निकाल उघडायच्या आणि खिडकीतून गेटवरच्या बायकांकडे बघून ओरडायच्या, "सुनीता पास! रेहाना पास, फर्स्ट क्लास!"

पोरांचं नाव नाहीच.

"डबा कुणी केला? पहाटे कुणी उठवलं? मग पास कोण झालं?" हे त्यांचं गणित. त्या गणिताच्याच टीचर, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती.

दापोडीत आमच्या गल्लीत बायकांना नावानं कुणी हाक मारत नाही. दीपाची आई, ओंकारची आई, वरच्या मजल्यावरची.
मी दहावीला होते तेव्हा मॅडम "मंगल पास" म्हणून ओरडल्या, तर माझी आई शेजारणीला विचारते, "कोण गं मंगल?"

"मला काय ठाऊक," शेजारीण म्हणाली.

मग आईच्या डोक्यात प्रकाश पडला. पदर तोंडाला लावून इतकी हसली की मला मार्क सांगताच येईनात. त्या दिवशी पेढे तिनंच वाटले आणि प्रत्येक दारात आधी स्वतःचं नाव सांगितलं.

पुढे मी त्याच शाळेत शिकवायला लागले. मॅडम आजारी पडल्या तेव्हा त्यांचा दहावीचा वर्ग माझ्याकडे आला. हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले, तर तब्येतीचं विचारूच देईनात.

"नंदाचं काय?"

नंदा म्हणजे आमच्या वर्गातल्या प्राचीची आई. चाकणला वायरिंगच्या कंपनीत कामाला.
प्राची प्रिलिमला गणितात सपशेल आडवी झाली होती. आणि तिच्या वडिलांनी घरात जाहीर केलं होतं, "पास झाली तर शिकव. नसता दिवाळीत उरकून टाकू." लातूरकडचं स्थळही बघून ठेवलेलं.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मॅडम, सोळा वर्षांची पोर आहे. मी पोलिसात जाते."

"जा, मी पण येते सलाइन घेऊन," मॅडम म्हणाल्या. "पण त्याआधी तिला पायऱ्या लिहायला लाव. उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे मार्क मिळतात, बेटा. तिला येत नाही असं नाहीये. ती घाबरून पान कोरं सोडते."

त्याच आठवड्यात मॅडम गेल्या.

मग आम्ही पायऱ्यांच्या मागे लागलो. रोज शाळा सुटली की प्राची, मी आणि फर्स्ट शिफ्ट करून थेट शाळेत आलेली नंदा. नंदाला गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पोरीचं पेन थांबलं की टोकायची, "काहीतरी लिही की गं."

आज दुपारी निकाल. वेबसाइट नेहमीप्रमाणे झोपली, मग उठली.
अख्खा वर्ग पास.
मी मॅडमच्या खिडकीत उभी राहून घसा बसेपर्यंत आयांची नावं ओरडले. खाली बायका एकमेकींना टाळ्या देत होत्या. इतकी मजा मला माझ्या स्वतःच्या निकालाला आली नव्हती.

पुढच्या वर्षीची पोरं हे वाचत असतील तर ऐका. पान कोरं सोडू नका. पेपर सुटल्यावर गेटवर उत्तरं जुळवत बसू नका, घरी जाऊन जेवा आणि पुढच्या पेपरला लागा. शेजारच्या हुशार पोराच्या मार्कांशी तुमचा काही संबंध नाही. आणि येत नसेल तर विचारा, आम्ही त्याचाच पगार घेतो.

तर प्राची. बावन्न टक्के. गणितात पास.

"नंदा पास!" मी ओरडले. पण नंदा गेटवर नव्हतीच. ती कंपनीत, फोन लॉकरमध्ये.

मग काय, अख्खा वर्ग कंपनीची बस थांबते तिथं हायवेवर. प्राचीचे वडीलही आले. मी त्यांच्याशी बोलणार नव्हते. त्यांनीच हळूच विचारलं, "म्याडम, अकरावीचा फॉर्म कधी भरायचा असतो?"
तेवढ्यासाठी मी त्यांना माफ केलं. आजच्यापुरतं.

बस आली. नंदा उतरायच्या आत पोरांनी "नंदा पास, नंदा पास" असा गिल्ला केला. सगळी बस खिडक्यांतून बघायला लागली. गळ्यातलं आयकार्ड सांभाळत नंदा घाबरून उतरली.

"काय झालं? कुणाला काय झालं?"

"तू पास झालीस," प्राची म्हणाली. "बावन्न टक्के."

"दोघींचे मिळून का एकीचे?"

आम्ही रस्त्यावर बसायचे बाकी होतो. हसता हसता नंदा पोरीच्या गळ्यात पडून रडायला लागली. मीही रडले, लपवत नाही.

मग डोळे पुसून तिनं मला विचारलं, "मॅडमच्या आईचं नाव काय होतं ओ?"

मला माहीत नव्हतं. तिथं कुणालाच नव्हतं.

मॅडमचे भाऊ सलीमभाई कासारवाडीला गॅरेज चालवतात. त्यांना तिथूनच फोन लावला.

"जुबैदा," ते म्हणाले. "का, काय झालं?"

नंदानं माझ्या हातातून फोन घेतला.

"काही नाही भाऊ. जुबैदा पास झाली, तेवढं कळवायचं होतं."

सलीमभाई आधी रडले. मग म्हणाले, "पेढे संपवू नका, गॅरेज बंद करून आलोच."

मॅडम, तुमच्या वर्गाचा आणि वर्गाच्या सगळ्या आयांचा तुम्हाला मनापासून नमस्कार.