रवंथाचा उसना घास

मंठाळच्या इरप्पाला रामराम घालायचा असेल तर घाई करू नका. तुमच्यासोबत एखादं जनावर असलं, तर तो आधी त्याच्या जबड्याकडं बघणार. जबडा हलत असला तर हसून म्हणणार, "बसा की." हलत नसला तर तुमचा रामराम वाऱ्यावर गेला म्हणून समजा. पासष्टी उलटलेला माणूस, गुडघे कुरकुरतात, उजव्या डोळ्यात फूल पडलंय. पण कान असे शाबूत की बांधापलीकडची शेळी रवंथ करतेय की नुसतीच बसलीय, हे हा इकडं डोळे मिटून सांगतो.

धनगराचं पोर ते. अंगाई म्हणून त्याला आठवतो तो कळपाचाच आवाज. दिवसभर चरून आलेली तीनशे मेंढरं बसली की सगळ्यांचे जबडे हळूहळू हलायला लागायचे, आणि कुठंतरी लांब एखादी बाई जात्यावर ज्वारी भरडतेय असं वाटायचं. कुणाच्या तरी रिकाम्या रानात कळप बसवायचा, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं आणि मांजरेच्या काठानं पुढं निघायचं, असं उभं आयुष्य गेलं. त्या आवाजात भूक विसरायची, पायातले काटे विसरायचे. अजूनही दुपारचं ऊन अंगावर आलं की इरप्पा बसल्या जागी त्याच आवाजात उतरतो. हाक मारली तर दोन हाकांनंतर परत येतो.

बाप काशप्पा मोठा कडक. "लेकरा, मेंढराचं दुखणं डोळ्यानं न्हाई, कानानं कळतंय," म्हणायचा. त्यानंच इरप्पाला घास द्यायला शिकवलं. एखाद्या जनावराचं रवंथ बंद पडलं की ते खात नाही, पोट फुगतं, मान खाली जाते. अशा वेळी दुसरं धडधाकट जनावर बघायचं. ते रवंथ करताना नरड्यातून गोळा वर येतो, तो जिभेवर पोचला रे पोचला की दोन बोटं गालफडात घालून काढून घ्यायचा. ऊन ऊन, हिरवा, आंबूस वासाचा. आजारी जनावराच्या जिभेच्या मुळाशी तो ठेवायचा, तोंड मिटून धरायचं, पाठोपाठ कोमट गूळपाणी. तीन वेळा. पार हुमनाबादच्या बाजूची माणसं घासासाठी इरप्पाला शोधत यायची, आणि त्यानं कधी कुणाकडून सुपारीचं खांड घेतलं नाही. एवढं पुण्य गाठीला आहे, असं तो समजून होता.

पुढं रानांना तारा आल्या, पडीक जमिनीत ऊस आला, गुडघे गेले. कळप विकला. एकच मेंढी ठेवली, भुरी. काशप्पाच्या मेंढरांच्या वंशातली ती शेवटची. शेजारी माणिकरावचं रान, त्याच्या बांधाला लागून इरप्पाचं रानातलं घर. दारात भुरी रवंथ करणार आणि उंबऱ्यात म्हातारा डुलक्या घेणार, असा संसार उरला.

थोरल्या पोराची पोर धनलक्ष्मी बिदरला, तिथल्या कोळार औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामाला. सुट्टीला आली की मुत्याजवळ बसते. आजोबाला मुत्या म्हणायची इकडची रीत.

"तुमच्या कंपनीत काय करत्यात गं?" एकदा त्यानं विचारलं.

"जंतू पाळत्यात, मुत्या."

"आगं बाई! रोगराई व्हईल की."

"समदे जंतू रोगाचे नसत्यात. मोठ्या मोठ्या टाक्या हायत. त्यात काकवी अन् कोंडा घालायचा, ऊब राखायची, हवा सोडायची. ते खात्यात, वाढत्यात अन् एन्झाइम सोडत्यात. एन्झाइम म्हणजे बारीक कात्री समज. एक कात्री तेलाचा डाग कापती, ती कपडे धुवायच्या पावडरीत जाती. एक कातड्यावरचे केस सोडवती. एक फळाचा गढूळ रस निवळती. अन् जेवण पचंना झालं की डॉक्टर जी गोळी देतोय, तीत बी असत्यात."

इरप्पानं मान डोलावली. "चारा घालायचा, ऊब राखायची, वाढू द्यायचं, अन् मग त्यांचं निघंल ते घ्यायचं. म्हणजे तू बी धनगरीणच की गं!"

"बिनकाठीची," धनलक्ष्मी हसली. "अन् तुझ्या भुरीच्या पोटात बी तसलीच टाकी हाय. मेंढरू गवत पचवत न्हाई, मुत्या. त्याच्या पोटातले जंतू पचवत्यात. तू घास देतोस ना, त्यात चारा थोडा अन् कळप जास्त."

"अन् माझ्या पोटात?"

"तुझ्या बी. आंबील पितोस, तीत बी असत्यात."

म्हाताऱ्यानं पोटावरून हात फिरवला. तीनशे विकली, तरी कळप आहेच म्हणायचा. त्या दुपारी त्याला भुरीच्या पोटात एक माळ दिसला, उबदार, ओलसर, आणि त्या माळावर डोळ्याला दिसणार नाही एवढी बारीक मेंढरं धूळ उडवत चाललेली. त्यांच्या मागं काशप्पा होता, खांद्यावर घोंगडी टाकून. इरप्पाला इतकं बरं वाटलं की तो चहालाही उठला नाही.

आता येळवस ऐका. ही अमावस्या म्हणजे आमच्या भागातला रानातला सण. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभं करायचं, मिसळीच्या भाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर, मडक्यातली आंबील. माणसांनी खायचं आणि जनावरांनाही तृप्त करायचं. भुरी गाभण होती, तीन आठवड्यांत विणार होती. "दोन जिवाची हाय गं, खाऊ दे," म्हणत इरप्पानं तिला उंडे चारले. वर खीर. वर आणखी उंडे. "मेंढराला शिजलं धान्य ढीगभर घालू नका," असं सगळ्या गावाला शिकवणारा हा शहाणा! मायेपुढं अक्कल चालत नाही म्हणतात ते काय खोटं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जागा झाला तो आवाजानं नाही, आवाज नव्हता म्हणून. भुरी भिंतीला टेकून उभी, मान खाली, डावी कूस टम्म. इरप्पानं तिच्या कुशीला कान लावला. आत सगळं सामसूम.

धनलक्ष्मी सणाला आलेलीच होती. तिनं जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. ते लांबच्या गावी होते, संध्याकाळपर्यंत येतो म्हणाले. तिनं खायचा सोडा पाण्यात कालवून भुरीला पाजला. "धान्य सडून पोट आंबट झालंय, मुत्या. आतला गवत खाणारा कळप मरायलाय. सोड्यानं आंबट उतरंल, पण कळप पुन्हा घालावा लागंल. तूच दे की घास."

"देतो. पण आणू कुठनं?" म्हाताऱ्याचा आवाज फाटला. "काल गावातल्या एकूण एक जनावरानं उंडे खाल्ल्यात. कुणाच्या पोटाचा आज भरवसा न्हाई."

"माणिककाका येळवस करत न्हाईत," धनलक्ष्मी पटकन म्हणाली. "त्यांच्या शेळ्या काल बी पालाच खाऊन हायत. पंचशीलाक्काचं घर ते, न्हाई कशाला म्हणतील?" पंचशीला माणिकरावची लेक. त्याच कारखान्यात, हिच्याच खोलीत राहणारी, एका ताटात जेवणारी.

इरप्पानं बांधापलीकडं बघितलं. माणिकरावच्या आजोबांनी बौद्ध दीक्षा घेतली तेव्हापासून त्या घरात येळवस नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. आणखीही एक गोष्ट त्याला ठाऊक होती, जी धनलक्ष्मीला नव्हती.

चोवीस वर्षांमागं एका सकाळी माणिकराव खांद्यावर शेळी घेऊन त्याच्या कळपाशी आला होता. शेळीचं रवंथ बंद. घरात बायकोला दूध नव्हतं आणि पंचशीला महिन्याची. "इरप्पाण्णा, एक घास दे," म्हणाला. तिथं दुसरं कुणी नव्हतं. अडवायला कुणी नाही, बघायलाही कुणी नाही. पण इरप्पाच्या मनात आलं, यांच्या शेळीच्या तोंडात घातलेली बोटं मी परत माझ्या मेंढरांत कशी घालू? तसं तोंडावर म्हणायची छाती नव्हती. म्हणून म्हणाला, "आज एक बी मेंढरू रवंथ करंना, माणक्या." आणि पाठीमागं तीनशे मेंढरं रवंथ करत होती. माणिकरावनं क्षणभर ऐकलं, शेळी खांद्यावर नीट घेतली आणि गेला. दोन दिवसांनी शेळी मेली म्हणून कळलं. त्यावर माणिकराव कधी चकार शब्द बोलला नाही. बांधाला बांध, तरी चोवीस वर्षं.

भुरीनं दात करकरा खाल्ले. इरप्पा उठला आणि बांध ओलांडला.

बाभळीखाली माणिकराव दावं वळत बसला होता. पाच शेळ्या सावलीत, पाचही जबडे हलताहेत. करडईवरून मंद वारा येत होता.

"माणिकराव," इरप्पा म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्याच्या तोंडून अख्खं नाव निघालं. "भुरीचं रवंथ बंद पडलंय. घास पायजे."

"गावात जनावरं न्हाईत व्हय?"

"समद्यांनी काल उंडे खाल्ल्यात. तुमच्याच शेळ्या तेवढ्या निर्मळ हायत."

"निर्मळ," माणिकराव स्वतःशीच म्हणाला. त्याचा हात थांबला. "बघ बाबा. मला तर वाटतंय, आज एक बी रवंथ करंना."

पाच जबडे हलत होते. इरप्पा होता तिथंच खाली बसला.

"मला ऐकू यायलंय," तो म्हणाला.

"मला बी आलं व्हतं."

शेवटी इरप्पा मातीकडं बघत बोलला, "मी खोटं बोललो व्हतो. इटाळ व्हईल म्हणून. तुझी शेळी माझ्यामुळं मेली."

"ते मला म्हाईतच हाय." माणिकरावनं दावं बाजूला ठेवलं. "तुझ्या तोंडून ऐकायचं व्हतं. भुरी गाभण हाय न्हवं?"

"व्हय."

"मग तिनं माझं काय केलंय? ऊठ."

इरप्पानं शेळीच्या गालफडात बोटं घातली. उभ्या हयातीत चुकला नव्हता तो हात, पण आज बोटं पोचायच्या आत शेळीनं गोळा गिळून टाकला. एकदा. दोनदा.

"सर," माणिकराव म्हणाला. त्यानं शेळी गुडघ्यात धरली, नरड्यावर नजर ठेवली आणि गोळा वर येताच दोन बोटांत अलगद उचलला. काशप्पानं बघितलं असतं तर मान डोलावली असती.

"कुठं शिकलास?" इरप्पानं विचारलं.

"ती मेल्यावर शिकलो. शिकावं लागलं."

दोघं बांध ओलांडून आले. माणिकरावनंच भुरीचं तोंड उघडलं, हात आतवर घातला, घास ठेवला. इरप्पा तिची मान धरून होता. धनलक्ष्मीनं गूळपाणी पाजलं. दुपारपर्यंत तीन वेळा माणिकराव असा जाऊन आला, आणि तिसऱ्या खेपेनंतर परत न जाता तिथंच भिंतीला टेकून बसला.

ऊन कलायला लागलं. इरप्पाचे डोळे मिटले. त्याला तो माळ दिसला, पार ओस पडलेला, आणि लांबच्या कडेला धुळीचा एवढासा ठिपका. कुणाचा तरी कळप उसना आला होता. बिचकत, हुंगत, एकेक पाऊल टाकत तो आत येत होता. पुढं काठी घेऊन चालणारा माणूस काशप्पा नव्हता.

भुरीनं मोठी ढेकर दिली. मग नरड्यातून काहीतरी वर सरकलं. जबडा एकदा डावीकडं गेला, थांबला, मग उजवीकडं. कुठंतरी लांब कुणीतरी जातं ओढायला लागलं. इरप्पा रडत होता, आणि ते लपवायचं त्याला सुचलंही नाही.

माणिकरावच्या हाताला कोपरापर्यंत हिरवं लागलेलं. इरप्पानं तांब्या आणला, पाणी ओतलं आणि स्वतःच्या हातानं तो हात चोळून धुतला.

"तिचं नाव काय व्हतं?" त्यानं विचारलं.

"मोगरी," माणिकराव म्हणाला. "पांढरी व्हती."

तीन आठवड्यांनी भुरीला कोकरू झालं. मादी. पांढरी नाही, चांगली काळीकुट्ट. इरप्पानं तिचं नाव मोगरी ठेवलं. "काळ्या कोकराला मोगरी?" म्हणून गाव हसलं. म्हाताऱ्यानं कुणाला कारण सांगायला कमी केलं नाही. ज्यानं ज्यानं विचारलं त्याला आपलं खोटं अथपासून इतिपर्यंत ऐकवलं. धनलक्ष्मीला सगळ्यात आधी. ती त्या दिवशी त्याच्याशी बोलली नाही. बिदरला परतल्यावर तिनं ते पंचशीलाला सांगितलं, आणि त्या पोरी काय बोलल्या ते त्यांचं त्यांना ठाऊक.

पण पहिल्यांदा संध्याकाळी कोकरू दिसेनासं झालं, तेव्हाची गोष्ट. इरप्पा बांधावर उभा राहून ओरडला, "मोगरेऽ! ये मोगरेऽ!" पलीकडं माणिकराव पाला तोडत होता. नाव कानावर पडलं तसा त्याचा कोयता थांबला. तो तसाच उभा राहिला, पाठमोरा. पुन्हा हाक मारावी की नाही, इरप्पाला कळेना.

मग पलीकडून आवाज आला, घोगरा, "वरडू नगंस, इरप्पाण्णा. हितंच हाय ती. माझ्या शेळ्यांत बसून तोंड हलवायला शिकायलीय."