पंधरा मिनिटांची कुकी

ऑफिसात तिला कातरबाई म्हणायचे, आणि तीही हसून घ्यायची. कामच तसलं होतं. साईट आपल्या ब्राउझरजवळ कुकी ठेवते, म्हणजे एक लांबलचक ओळ: कोण आलंय, कधीपर्यंत आत राहू द्यायचं. ती ओळ कातरून एकेक तुकडा आपापल्या खणात ठेवणारा प्रोग्राम ती लिहायची. त्यात तिचा हात धरणारं ऑफिसात कुणी नव्हतं.

नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकांसाठी एका संस्थेने साईट काढली. गुपचूप लिहायचं, मदत मागायची. पंधरा मिनिटांत पान आपोआप बंद. कुकीचं काम कातरबाईकडे आलं. तिला कोण आनंद झाला! तिची सख्खी धाकटी बहीण तसल्याच घरात दिवस काढत होती, आणि आईवडिलांची गाडी 'जमवून घे'च्या पुढे सरकत नव्हती.

"ताई, त्याला कळलं तर?" धाकटीने फोनवर विचारलं.

"कसं कळेल? मीच लिहिलंय ते. तू बिनधास्त लिही."

धाकटीने लिहिलं. दाराशी पावलं वाजली तशी लॅपटॉप मिटून ती उठली. संध्याकाळी नवऱ्याने तो उघडला, तर पान जसंच्या तसं. त्याने शेवटपर्यंत वाचलं.

चूक एवढीशी. स्वल्पविराम दिसला की कातर, असं कातरबाईने प्रोग्रामला शिकवलं होतं. पण कुकीतल्या तारखेतही वारापुढे स्वल्पविराम असतो. मुदतीची तारीख मधोमध तुटली. आणि मुदत वाचता आली नाही तर पान उघडंच ठेवायचं, हेही तिनेच लिहिलेलं. चाचणीत कुणाला कळलं नाही, कारण ऑफिसातली शहाणी माणसं काम झालं की 'बाहेर पडा'चं बटण दाबून मगच उठतात. जीव मुठीत धरून उठणारी बाई बटण शोधत बसत नाही, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दुरुस्ती करून ती तडक इस्पितळात गेली. धाकटीचा हात प्लास्टरमध्ये होता, एक डोळा उघडत नव्हता. कातरबाईने काहीही न लपवता सगळं सांगितलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं तिला वाटत होतं.

"बाकीच्या बायकांचं बंद होतंय आता?" धाकटीने विचारलं.

"होईल."

"तू बघितलंस? बटण न दाबता?"

कातरबाईने पिशवीतून लॅपटॉप काढला.

"इथेच उघड."

लॅपटॉप खाटेवर ठेवून दोघी हात न लावता बघत बसल्या. पंधरा मिनिटांनी पान आपोआप बंद झालं.

"जा आता," म्हणून धाकटीने भिंतीकडे तोंड केलं.