फोडलेला चिंचोका

भाचीचा डबा द्यायला गेले आणि वर्गाच्या खिडकीशीच थांबले. बाई फोडलेला चिंचोका टेबलावर टाकत होत्या. सलग चार वेळा काळी बाजू पडली. "आता पांढरीच पडणार!" वर्ग ओरडला. बाई हसल्या. "चिंचोक्याला मागचं काही आठवत नसतं रे. त्याचा प्रत्येक डाव पहिलाच." पुन्हा काळीच पडली.

आम्ही लहानपणी चिंचोक्यांवर फुंकर मारून दान मागायचो, जणू ते आमचं ऐकणारच होते! पुढे नशिबाकडेही तसंच मागत राहिले.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, मी गणितात दोनदा नापास झालेय. यंदा माझी शक्यता किती?"

"तू काय चिंचोका आहेस? तुला मागचं आठवतं की!"

मुलगी खाली बसली आणि तिने चुकलेल्या गणिताचं पान उघडलं.