वरची खोली धरून

कारखान्यात तिला सगळ्याजणी भिंग म्हणत. मोज्यांच्या कारखान्यात तीस वर्षं तिचं काम एकच. विणून आलेला मोजा हातात चढवायचा, आत बोटं पसरायची आणि सुटलेला टाका शोधायचा. दिवसाला हजारभर मोजे तिच्या हाताखालून जात, पण तिच्या नजरेतून टाका सुटला असं कुणाला आठवत नाही. मशिनवरच्या बायका तिला तोंडावर नावं ठेवत आणि पाठीमागे मानत. जगाची रीत याच्या नेमकी उलटी, पण भिंगच्या वाट्याला जगाच्या रीतीने असं काही आलंच नाही.

लग्नाचंही तसंच झालं. चोविसाव्या वर्षी ते लागलं आणि आठव्या महिन्यात ती एक बॅग घेऊन बापाच्या दारात उभी राहिली. का आली ते तिने सांगितलं नाही आणि बापाने विचारलं नाही. बाप ओतकारखान्यात भट्टीवर कामाला होता. आयुष्यभर आगीच्या आवाजात काम केलेल्या माणसाला बोलायची सवय राहत नाही, तसा तो होता. घर म्हणजे कामगारांच्या वस्तीतल्या एका लांबलचक ओळीतलं एक. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, परसात एक नळ आणि कपडे धुण्यापुरती जागा. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी वाटून घेतलेल्या, त्यामुळे डाव्या घरात कोण खोकतंय आणि उजव्या घरात कोण भांडतंय हे न विचारता कळायचं.

तेवढ्या जागेत आई, बाप आणि शाळेत जाणारा धाकटा भाऊ. परत आलेल्या मुलीने आता निजायचं कुठे, हे आईने चार शेजारणींजवळ बोलून दाखवलं. बापाने कुणाजवळच नाही. एका रविवारी तो शिडी लावून छपरावर चढला, मोजमाप घेऊन उतरला, आणि पुढची दोन वर्षं दर रविवारी चढत राहिला. कारखान्यातून भंगारात निघालेला एक लोखंडी गर्डर त्याने वजनावर विकत घेतला आणि आठ माणसं लावून गल्लीतून आणला. तो आणताना दोन घरांचे कठडे खरचटले, त्यावरून वर्षभर बोलणी खाल्ली. आई खालून घमेल्यातून विटा द्यायची. खोली झाली तेव्हा बाप मुलीला वर घेऊन गेला आणि एवढंच म्हणाला, "कडी आतून आहे. वाटेल तेव्हा लावत जा."

म्हणजे त्याला सगळं कळलं होतं. त्या एका वाक्यावर ती बत्तीस वर्षं जगली, आणि बरी जगली. आई गेली, मग बाप गेला. धाकट्याचं लग्न झालं, तो शहराच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅट घेऊन राहायला गेला. घरात ती एकटी उरली, आणि घराला तिने जपलं. दरवर्षी छपराचे पत्रे पाहायचे, सांधे भरायचे, दारांना तेल द्यायचं. दुसऱ्यांच्या मोज्यांत खोट काढणाऱ्या बाईने स्वतःच्या घरात खोट राहू दिली नाही.

ती अठ्ठावन्नची झाली, कारखान्याने निरोप दिला, आणि त्याच महिन्यात धाकटा बोलायला आला. तो वाईट नव्हता. वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती, चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. त्याचा मुलगा मोठा होत होता, फ्लॅट पुरत नव्हता, बायको रोज एकच विषय काढत होती. बापाच्या मागे घर दोघांच्या नावावर अर्धं अर्धं झालेलं. ताईने त्याचा अर्धा वाटा घ्यावा, घर तिचंच. नाहीतर बाहेरच्याला विकून पैसे वाटून घ्यावेत. किंमत मात्र तिसऱ्या माणसाने ठरवावी, म्हणजे नात्यात कडूपणा नको. तो माणूस सांगेल तो आकडा दोघांनी मानायचा, असा कागद झाला आणि दोघांनी सह्या केल्या.

कारखान्यातून तिच्या हाती आले होते नऊ लाख. निवृत्त बाईला बँक कर्ज देत नाही, हे ती तीन बँकांतून ऐकून आली होती. तेव्हा हिशोब लहान मुलाला कळेल असा होता. घर अठरा लाखांच्या आत बसलं तर तिचं, त्यावर गेलं तर परक्याचं.

पॅकिंगमधली तिची मैत्रीण मोठी वस्ताद बाई. तिने सांगितलं, "अगं, मुलगी दाखवतात तसं घर दाखवू नकोस. उलटं कर. जे झाकतेस ते उघडं टाक, आणि तोंड शिवून बस." भिंगने ते मनावर घेतलं. चार दिवस केर काढला नाही, आणि तिच्यासारखीला ते उपाशी राहण्यापेक्षा कठीण होतं. मागच्या भिंतीपाशी ओल होती, तिच्यापुढचं कपाट ओढून बाजूला केलं. पान्याने नळ ढिला करून ठेवला, म्हणजे तो टपटपत राहील. आपल्याच घराची अब्रू आपणच चव्हाट्यावर मांडायची म्हणजे काय, ते तिला त्या सकाळी कळलं. नळ ढिला करताना तर तिला शेजारीण बघत नाही ना, अशी धास्ती वाटत होती.

किंमत ठरवणारा व्हॅल्युएशनवाला अकराला आला, बरोबर धाकटा. माणूस पस्तिशीचा, बूट धुळीने भरलेले, हातात भिंतीवर लाल ठिपका टाकून लांबी मोजणारं यंत्र. दुसऱ्याच्या घराबद्दल त्याच्या मालकासमोर बोलायची लाज त्याच्या कामाने केव्हाच घालवलेली. ओल दिसली, त्याने बोट लावून वास घेतला आणि लिहिलं. नळ पाहिला, लिहिलं. जिना अरुंद, लिहिलं. फरशी जुनी, लिहिलं. प्रत्येक वेळी भिंगला फडकं हातात घ्यावंसं वाटे आणि प्रत्येक वेळी मनातल्या मनात ती टाळी वाजवी. तोंडातून शब्द नाही. पॅकिंगवालीने पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती.

मग ते तिघं वर गेले.

वरची खोली तिने बिघडवली नव्हती. हात धजला नाही, खरं तर तसा विचारही आला नाही. पलंग, खिडकी, भिंतीतलं एक फडताळ, बस. व्हॅल्युएशनवाल्याने भिंतीवर बोटांनी ठोकून पाहिलं, कोपऱ्यातली किंचित तिरकी वीट पाहिली आणि हसला. म्हणाला, "हे काही मिस्त्रीचं काम नाही. कुणीतरी रविवारी रविवारी हौसेने केलंय."

त्याने अंधारात मारलेला दगड नेमका बसला. तो पुढे बोलत राहिला. असली वाढीव बांधकामं या वस्तीत घरोघर आहेत, परवानगी नाही, काम कच्चं. ही खोली तो धरणारच नाही, उलट पाडायचा खर्च वजा करावा लागेल. धाकट्याने विचारलं, मग अंदाजे कितीवर जाईल? तो म्हणाला, "खालच्या दोन खोल्या आणि जागा. सोळा. फार ओढलं तर साडेसोळा."

सोळा! घर तिचं झालं होतं. आता फक्त त्या माणसाने जिना उतरून जायचं होतं, आणि तेवढा वेळ तिने गप्प राहायचं होतं.

तिने धाकट्याकडे पाहिलं. याच खोलीत बसून तो शाळेच्या परीक्षांचा अभ्यास करायचा, खाली गोंगाट होतो म्हणून. ती स्वतः तेव्हा जिन्यात बसायची. बापाच्या हातच्या कामाला परका माणूस कच्चं म्हणत होता, पाडा म्हणत होता, आणि हा मुलगा खिडकीतून बाहेर बघत उभा. त्याने तोंडातून ब्रसुद्धा काढला नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कच्चं?" ती म्हणाली. "उडी मारा."

"मावशी, काय?"

"उडी मारा, साहेब. दोन्ही पायांनी. कच्चं की पक्कं ते पायांना कळेल."

त्याने बिचाऱ्याने मारली. जमीन हलली नाही, खिडकीची काच वाजली नाही. मग तिला कोण आवरणार? मोज्याचा टाका एकदा सुटला की धागा भराभर निघत जातो, तसं तिचं झालं. तिने त्याला जिन्याच्या तोंडाशी वाकायला लावून खालचा गर्डर दाखवला, त्याचं वजन सांगितलं, आणलेल्या माणसांची संख्या सांगितली. फडताळातून पत्र्याची पेटी काढली आणि तळाचा कागद त्याच्या हातात दिला. बांधकामाची परवानगी. शिक्का, सही, तारीख, नकाशासकट. बापाने त्यासाठी सात खेपा घातल्या होत्या, एकेक दिवसाची मजुरी बुडवून. मग ती त्याला खाली घेऊन गेली, पाना घेऊन त्याच्यादेखत नळ बंद केला, आणि ओल शेजारच्या पन्हळीची आहे, भिंतीचा दोष नाही, हेही सिद्ध करून दिलं.

व्हॅल्युएशनवाला कागद दोनदा वाचून म्हणाला, की असा कागद या ओळीत फार तर दोन घरांकडे असेल. घेणाऱ्याला दोन मजल्यांचा हक्क मिळतो. बांधणारा माणूस पक्का होता, असंही म्हणाला. त्याने आधीचं पान खोडलं आणि नवीन पानावर लिहायला घेतलं.

ते गेल्यावर भिंगने सगळं घर झाडून काढलं. कपाट जागेवर लोटलं, फरशी पुसली. बापाचा कुणीतरी मान राखला म्हणून तिला इतकं बरं वाटत होतं की पुसताना ती गुणगुणत होती. अर्ध्या तासाने, फडकं पिळताना, आपण काय करून बसलो ते तिला कळलं. हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतात म्हणतात. तिने तर तो आधी धुऊनपुसून घेतला होता.

आठवड्याने अहवाल आला. सत्तावीस लाख, वरची खोली धरून.

दोन दिवसांनी संध्याकाळी धाकटा एकटाच आला. खुर्ची पुढे केली तरी बसला नाही. तिला वाटलं, विक्रीचं बोलायला आलाय. पण तो बोलला तेव्हा आवाज लहानपणीसारखा झाला होता.

"ताई, तो कागद मला माहीत होता."

"परवानगीचा?" तिने विचारलं.

"बाबांबरोबर शेवटच्या खेपेला मीच होतो. रांगेत उभा होतो दिवसभर. शिक्का मारताना त्यांनी मला उचलून दाखवला होता."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"काय म्हणून बोलू? सोळा म्हणाला तो. घर तुझं होत होतं. घरी मी सांगितलं असतं, एवढीच किंमत निघाली म्हणून. म्हणून तर तोंड फिरवून उभा होतो." "तू कशाला बोललीस, ताई?"

अजून काही करता येईल का, असं तिने विचारलं, आणि विचारतानाच उत्तर तिला ठाऊक होतं. त्याने मान हलवली. अहवाल बायकोने वाचला होता, मेव्हण्याने वाचला होता, मुलाला त्याची खोली कबूल करून झाली होती. "आकडा घरात गेलाय आता," तो म्हणाला. "तो परत बाहेर काढता येत नाही."

"तू गप्प राहिलास म्हणून बोलले रे," भिंग म्हणाली.

एवढं बोलून ती रडायला लागली, आणि धाकटा तिच्या खांद्यावर हात ठेवावा की ठेवू नये अशा विचारात तिथेच उभा राहिला. गिऱ्हाईक ठरलं होतं. ते महिनाअखेरीस येणार होतं, आणि त्याला घर रिकामं हवं होतं.